वाचकांचे प्रश्न : प्ले नेमका कुठे आहे?

या वेळची बरीच पत्रं खान्देशातल्या वर्कशॉपमधून आली आहेत आणि जवळपास सगळी बॉल स्क्रूबद्दल आहेत. बॉल स्क्रू म्हणजे मोटरचं फिरणं टेबलाच्या सरळ सरकण्यात बदलणारा आटा; त्याच्या नटात पोलादी गोळ्या, म्हणजे छर्रे फिरतात. प्ले म्हणजे या साखळीतला ढिलेपणा. पहिल्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण त्याचं उत्तर नीट काढलं तर पुढचा खर्च बऱ्याचदा करावाच लागत नाही.

प्रश्न : आमच्याकडे मोल्डच्या कामाचं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं संगणकीय मिलिंग मशीन) आहे. कटर गोल फिरवून केलेलं भोक ०.०३ मिलिमीटर लंबगोल येतं, एक्स दिशा उलटते तिथे पायरी दिसते. सर्व्हिसवाला म्हणतो, एक्सचा बॉल स्क्रू बदला. खरंच स्क्रू गेला का, हे आम्हाला इथेच ओळखता येईल? (जळगाव औद्योगिक वसाहत)

उत्तर : येईल, आणि ऑर्डर देण्याआधी ओळखलंच पाहिजे. लंबगोल भोक फक्त एवढंच सांगतं की मोटर फिरली, पण टेबल तितकं सरकलं नाही. मोटरपासून टेबलापर्यंत सैल होऊ शकणाऱ्या पाच जागा आहेत: कपलिंग, टोकाची बेअरिंगं, स्क्रू-नटची जोडी, नटाचं ब्रॅकेट आणि टेबलाची स्लाइड. पाचांपैकी काहीही ढिलं झालं तरी भोक तसंच दिसतं. बहुतेक व्हीएमसीवर एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) मोटरच्या पाठीवर असतो, त्यामुळे मोटरच्या पुढे काय हरवलं ते कंट्रोलला कळत नाही. स्क्रीनवर आकडा बरोबर, जॉबवर चूक.

मोजण्याआधी बॅकलॅश कॉम्पेन्सेशन पाहा, म्हणजे दिशा उलटताना हरवणारं अंतर भरून काढायला कंट्रोलमध्ये घातलेला आकडा. फानुक कंट्रोलवर तो पॅरामीटर १८५१, आकडा साधारणपणे मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग). तिथे आधीच कुणी २० भरून ठेवले असतील तर डायल तुम्हाला फसवेल. आकडा वहीत लिहून ठेवा, शून्य करा, मग मोजा. डायल गेजचा स्टँड कॉलमवर (मशीनच्या उभ्या खांबावर), ०.००१ मिलिमीटर दाखवणाऱ्या डायलचं टोक टेबलावरच्या ठोकळ्यावर. हँडव्हीलने एका दिशेला ०.१ न्या, म्हणजे आधीचा प्ले भरून निघेल. डायल शून्य करा. आता ०.००१ च्या पायरीने उलट फिरवा आणि काटा हलेपर्यंत किती पायऱ्या गेल्या ते मोजा. हे स्ट्रोकच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना, प्रत्येकी तीनदा करा.

मध्यावर २५ आणि टोकांना ६-७ मायक्रॉन आले तर झीज स्क्रूच्या अंगावर आहे. व्हाइस कायम टेबलाच्या मध्यावर बसते आणि स्क्रूचा तोच वीतभर पट्टा दिवसरात्र राबतो, म्हणून असं होतं. तिन्ही जागी आकडा सारखाच आला तर घाई करू नका. नट झिजला असेल, पण बेअरिंग, कपलिंग किंवा ब्रॅकेट असण्याची शक्यता तितकीच आहे.

बेअरिंग तपासायची रीत सोपी आहे आणि प्रत्येक फिटरच्या हातात असावी. स्क्रूच्या मोकळ्या टोकाचं झाकण काढा. टोकावर सेंटर ड्रिलचा खड्डा असतो. त्यात बोटाने ग्रीसचा टिपका लावा आणि ६-८ मिलिमीटरचा स्वच्छ छर्रा बसवा. ग्रीस त्याला धरून ठेवतं. चपट्या टोकाचा डायल त्या छर्ऱ्यावर टेकवा आणि हँडव्हील पुढे-मागे फिरवा. स्क्रू जागच्या जागी फिरला पाहिजे. दिशा उलटताना काटा जेवढी उडी घेतो तेवढा स्क्रू अख्खाच पुढे-मागे होतो आहे, म्हणजे दोष बेअरिंगचा किंवा सैल झालेल्या लॉकनटाचा. दोन-तीन मायक्रॉन चालतात. काटा १५-२० उडाला तर स्क्रूची ऑर्डर थांबवा. बेअरिंगचा संच स्क्रूच्या किमतीच्या थोड्याच भागात येतो.

मग डायलचा स्टँड टेबलाखालच्या ब्रॅकेटवर आणि टोक नटाच्या फ्लँजवर ठेवून बोल्ट सैल आहेत का ते बघा. कपलिंगच्या दोन्ही हबवर आणि शाफ्टवर मार्करने एक सरळ रेघ ओढा. बॅकलॅशची चूक दर उलट्याला तेवढीच येते, घसरणाऱ्या कपलिंगची साठत जाते. सकाळी घेतलेलं जॉबचं शून्य संध्याकाळी ०.२ सरकलं आणि रेघ तुटली, तर दुखणं कपलिंगचंच. स्लाइड कोरडी असेल तर टेबल आधी अडतं आणि मग एकदम उडी मारतं. हाही प्ले वाटतो, पण तेल पोचल्यावर जातो.

मशीनवर लिनियर स्केल असेल तर चित्र वेगळं दिसतं. स्केल टेबल थेट वाचतं, त्यामुळे माप बरोबर येतं, पण प्ले वाढला की अक्ष उभ्या जागी थरथरतो, गुणगुणतो. अशा मशीनवर जॉब चांगला येतो म्हणून स्क्रू चांगला, असं धरू नका.

कॉम्पेन्सेशनचा आकडा वाढवून काम भागवणं १० मायक्रॉनपर्यंत समजू शकतो. मध्यावर २५ आणि टोकाला ६ असताना एकच आकडा दोन्हीकडे लागू होत नाही. मध्य सुधारला की टोकं बिघडतात.

प्रश्न : टर्निंग सेंटरचा (संगणकीय लेथचा) झेड स्क्रू बदलायचं नक्की झालं आहे. त्यावरचा नंबर पुसला गेलाय. नवा मागवताना कोणती मापं द्यायची? रोल्ड स्क्रू स्वस्त मिळतोय, तो चालेल का? (अवधान, धुळे)

उत्तर : बाहेरचा व्यास आणि लीड (एका फेरीत नट सरकतो ते अंतर) ही पहिली दोन मापं. ४०१० म्हणजे ४० व्यास, १० लीड. लीड मोजताना दोन शेजारच्या दात्यांमधलं अंतर घेऊ नका, ती पिच झाली. स्क्रू दोन सुरुवातींचा असेल तर लीड पिचच्या दुप्पट असतं आणि इथेच चुकीच्या ऑर्डरी जातात. स्क्रू बरोबर दहा फेऱ्या फिरवा, नट किती सरकला ते मोजा, दहाने भागा. शिवाय: आटा उजवा की डावा, आट्याची लांबी, एकूण लांबी, नटाचा बाहेरचा व्यास आणि लांबी, फ्लँजचा व्यास, भोकांच्या वर्तुळाचा व्यास (पीसीडी), तेलाच्या भोकाची जागा. फ्लँज मोटरकडे तोंड करून आहे की पलीकडे, हे बाणाने चित्रात दाखवा. नट उलटा आला तर तो जागेवर उलटवता येत नाही. टोकांच्या जर्नलची (बेअरिंग बसतं त्या भागाची) मापं मायक्रोमीटरने घ्या, व्हर्नियरने नको.

रोल्डबद्दल, म्हणजे ग्राइंड न करता दाबून आटा काढलेल्या स्क्रूबद्दल. जपानी मानकाच्या अचूकतेच्या श्रेणींप्रमाणे दर ३०० मिलिमीटरला चालणारी चूक सी३ ला ८, सी५ ला १८, सी७ ला ५० आणि सी१० ला २१० मायक्रॉन आहे. रोल्ड स्क्रू सहसा सी७ किंवा सी१० मध्ये येतात, सी५ आणि त्याहून चांगले ग्राइंड करून होतात. टर्निंग सेंटरला आणि व्हीएमसीला सी३ किंवा सी५ ग्राउंडच (ग्राइंड केलेला) घ्या, नट प्रीलोडवाला, म्हणजे ढिलेपणा राहू नये म्हणून छर्रे आधीच दाबून बसवलेला. काही जण म्हणतात, सी७ लावू आणि पिच एरर कॉम्पेन्सेशनने (जागोजागची चूक मोजून कंट्रोलमध्ये तक्ता भरून) चूक काढू. लीडची चूक अशी काढता येते, पण प्रीलोड नसलेल्या नटाचा ढिलेपणा त्याने जात नाही. बार फीडर, लोडर, पॅकिंग मशीन अशा ठिकाणी रोल्ड चांगलं काम देतो, तिथे ग्राउंडवर पैसे घालू नका.

वेगही तपासा. १० लीडवर ३० मीटर प्रतिमिनिट रॅपिड (न कापता धावण्याचा वेग) म्हणजे मिनिटाला ३००० फेरे. ४० व्यासाला ३००० ने गुणलं की १,२०,००० होतात. जुन्या धाटणीच्या साध्या नटाला कॅटलॉगमध्ये हा गुणाकार ७०,००० च्या आसपासच चालतो, म्हणजे १७५० फेरे, साडेसतरा मीटर. तुमचा रॅपिड जास्त असेल तर वेगाचा नट मागा, नाहीतर छर्रे परत फिरवणारी नळी किंवा टोपी फुटते. लांब स्क्रूला गरगरण्याचीही मर्यादा आहे. आधारांमधलं अंतर दुप्पट झालं की सुरक्षित वेग चौथाईवर येतो.

लीड बदलायचा मोह टाळा. दहाऐवजी बाराचा लगेच मिळतोय म्हणून लावला तर फानुकवर २०८४ आणि २०८५ मधलं गुणोत्तर १/१०० वरून ३/२५० करावं लागतं, १८२१ मध्ये १०,००० ऐवजी १२,००० लागतात, आणि मोटरवरचा भार पाचव्या हिश्श्याने वाढतो तो वेगळाच.

स्क्रूबरोबर बेअरिंगंही नवीच मागवा. ही साधी बेअरिंगं नव्हेत, ६० अंश कोनाची थ्रस्ट जातीची असतात. उदाहरणार्थ ३० टीएसी ६२ बी: आतला व्यास ३०, बाहेरचा ६२, जाडी १५. जुळवलेला संच घ्या. दोन वेगवेगळी सुटी बेअरिंगं आणून संच होत नाही.

प्रश्न : आम्ही दोन फिटर मिळून व्हीएमसीचा झेड स्क्रू बदलणार आहोत. कुठे चुकू नये ते सांगा. (भुसावळ)

उत्तर : भाऊ, झेडचं पहिलं काम म्हणजे डोकं खाली येऊ न देणं. बॉल स्क्रूची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे तो साध्या आट्यासारखा स्वतःला अडवत नाही. मोटरचा ब्रेक फक्त मोटरचा शाफ्ट धरतो. कपलिंग सैल केलं की स्पिंडल हेड वजनाने खाली येतं. टेबलावर सागाचा जाड ठोकळा उभा करून हेड त्यावर टेकवा, मग मेन स्विच बंद करा आणि कुलूप लावा. प्रतिवजनाची साखळी असलेल्या मशीनवर उलटंही होऊ शकतं, स्क्रू सुटला की हेड वर ओढलं जाऊ शकतं. तिथे वजन आधी बांधा.

उघडण्याआधी पॅरामीटरचा बॅकअप घ्या. अक्ष होमला (मशीनच्या ठरलेल्या शून्य जागी) नेऊन हेड आणि कॉलमवर सुईने बारीक खूण करा. परत बसवताना कपलिंगचा कोन बदलतो आणि होम हरवतं. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर असेल तर फानुकवर १८१५ मधला एपीझेड बिट (होम ठरल्याची नोंद) नव्याने बसवावा लागतो. झेडवर टूल बदलायची उंचीही याच होमवर उभी असते. ती खुणेशी जुळवल्याशिवाय एटीसीचा (टूल आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेचा) आर्म फिरवू नका, टूल आणि स्पिंडलची धडक होते.

नवा स्क्रू आदल्या दिवशी शेडमध्ये आणून व्ही ब्लॉकवर ठेवा. नट स्क्रूवरून उतरवायचा नाही. उतरवावाच लागला तर आट्याच्या तळव्यासापेक्षा थोड्या कमी जाडीची नळी टोकाला लावून नट तिच्यावर सरकवा, नाहीतर छर्रे जमिनीवर सांडतात आणि परत मोजून भरणं जिकिरीचं होतं.

बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यांवर व्ही आकाराची खूण असते. संचातली सगळी कडी लावली की ती खूण अखंड दिसली पाहिजे. ग्रीस भरून आलेली बेअरिंगं धुऊ नका. लॉकनट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने आवळा आणि लगेच डायल लावून टोकाचा रनआउट (फिरताना टोक किती डोलतं ते) पाहा. १० मायक्रॉनच्या वर गेला तर स्पेसरची तोंडं समांतर नाहीत किंवा मधे कचरा आहे. उघडून पुसा, पुन्हा बसवा. कपलिंग हाताने सरकलं पाहिजे. त्यावर हातोडा मारला तर मोटरच्या मागचा एन्कोडर फुटतो.

आता संरेखन. नटाचे बोल्ट सोडून ठेवा. डायल गाइडच्या ब्लॉकवर बसवा आणि स्क्रूच्या दात्यांच्या माथ्यावर, दोन्ही टोकांना, समोरून आणि बाजूने वाचा. फरक ०.०२ च्या आत हवा. नंतर हेड मोटरच्या बाजूला नेऊन नटाचे बोल्ट आवळा, मग दूरच्या टोकाला नेऊन तिथलं बेअरिंग हाउसिंग आवळा. या क्रमात हाउसिंग स्क्रूला जुळतं, स्क्रूला वाकावं लागत नाही. स्क्रू हाताने सबंध स्ट्रोकभर फिरवा, जड-हलकं कुठे होतं ते हाताला कळतं. चालू केल्यावर एफ १००० ने (मिनिटाला १००० मिलिमीटर) अक्ष चालवा आणि स्क्रीनवर सर्व्होचा लोड बघा. जाताना एक आणि येताना एक आकडा असणारच, पण एकाच दिशेत टोकाकडे तो चढत गेला तर संरेखन चुकलं आहे. असा स्क्रू वर्षभरात प्रीलोड घालवतो.

शेवटी १८५१ शून्य करा आणि पिच एररचा जुना तक्ताही पुसा. तो जुन्या स्क्रूच्या चुकांचा तक्ता आहे, नव्याला लावला तर आपणच चुका घालतो. मग लेसरने मोजून नवा तक्ता भरा. लेसरवाला लगेच मिळत नसेल तर तोवर स्लिप गेजच्या (अचूक मापाच्या ठोकळ्यांच्या) रचनेवर तीन-चार ठिकाणी तपासून काम सुरू करता येतं.

प्रश्न : दोन वर्षांत त्याच अक्षावर दुसरा स्क्रू गेला. माल बनावट आला का? (नंदुरबार)

उत्तर : आधी हिशेब पाहा. डायनॅमिक लोड रेटिंगला सरासरी भाराने भागा, उत्तराचा घन करा, दहा लाखांनी गुणा, तेवढ्या फेऱ्या शंभरातले नव्वद स्क्रू काढतात. रेटिंग ४५ किलोन्यूटन, भार ३, भागाकार १५, घन ३३७५, म्हणजे ३३७.५ कोटी फेऱ्या. मिनिटाला सरासरी ५०० फेऱ्यांनी हे १,१२,५०० तास होतात. भार दुप्पट केला तरी १४ हजार तास. तेव्हा दोन वर्षांत स्क्रू थकून जात नाही, त्याला घाण किंवा उपाशीपण मारतं.

ल्यूब टाकीतलं तेल महिनाभर उतरलंच नाही तर ते चांगलं लक्षण नाही, तेल पोचत नाही असा त्याचा अर्थ. नटाजवळची नळी सोडा, पंप हाताने दाबा, थेंब येतो का पाहा. बहुतेकदा वाटप करणाऱ्या ब्लॉकमधलं एक तोंड चोंदलेलं असतं आणि बाकीचे अक्ष ठीक चालतात म्हणून कुणाला कळत नाही. अशा व्यवस्थेत सहसा ६८ नंबरचं स्लाइडवे तेल चालतं. ग्रीसवर चालणाऱ्या नटाला ग्रीसच द्या, ग्रॅफाइट किंवा मॉलीची काळी ग्रीस नको. त्यातले कण छर्ऱ्यांच्या मार्गात साठतात. आणि एअर गन: कव्हर उघडून स्क्रूवर हवा मारली की चिप्स वायपरच्या (नटाच्या टोकाच्या पुसणीच्या) आत जातात. स्क्रू कापडाने पुसा. स्पार्क मशीनसाठी ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड त्याच व्हीएमसीवर कापत असाल तर धूळ ओढणारा पंखा लावल्याशिवाय तिसरा स्क्रूही टिकणार नाही. ती पूड तेलात मिसळून पॉलिशिंग पेस्टसारखं काम करते.

प्रश्न : जुन्या नटात जाड छर्रे भरून प्ले काढून देणारे आहेत. करावं का? (चाळीसगाव)

उत्तर : स्क्रू मध्यावर झिजलेला असेल तर नाही. मध्याला बेतलेले छर्रे टोकांना घट्ट होतात आणि नट तिथे अडतो. झीज सगळीकडे सारखी असेल आणि आट्यावर खड्डे नसतील, तर मायक्रॉनच्या फरकाने निवडलेले छर्रे भरून काही काळ काम होतं. दोन भागांच्या नटात मधला स्पेसर घासून प्रीलोड परत आणता येतो, तो मार्ग जास्त चांगला. आट्यावर नख फिरवा. खरबरीत लागलं किंवा पापुद्रा सुटलेला दिसला तर नवाच घ्या.

प्रश्न : मे महिन्यात टर्निंगचा सकाळचा आणि दुपारचा व्यास २० मायक्रॉनपर्यंत बदलतो. बॅकलॅश तपासला, चांगला आहे. (जळगाव)

उत्तर : स्क्रू तापतोय. पोलाद दर मीटरला दर अंशाला सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या घरात असतो, पण नुसत्या हवेमुळे मशीन आणि जॉब बरेचसे बरोबरीने वाढतात. गडबड होते ती नटाच्या घर्षणाने, कारण त्याने स्क्रू बाकी मशीनपेक्षा जास्त तापतो. टूल बेअरिंगपासून १५० मिलिमीटरवर काम करत असेल आणि स्क्रू पाच अंशांनी जास्त तापला, तर वाढ साडेआठ मायक्रॉन. व्यासावर ती दुप्पट, म्हणजे १७. तुमचा आकडा इथेच येतो.

पाळी सुरू होताना वीस मिनिटं अक्ष पूर्ण स्ट्रोकने, कामाच्याच वेगाने फिरवा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा दहा मिनिटं. मशीनच्या एका अंगाला येणारं पश्चिमेचं ऊन अडवा. मापासाठी जॉब आणि गेज एकाच टेबलावर निववून घ्या.

दोन्ही टोकं बांधलेल्या स्क्रूला ताण देऊन ही वाढ आधीच खपवलेली असते. सहसा दोन-तीन अंशांच्या वाढीएवढा ताण देतात, म्हणजे मीटरला २३ ते ३५ मायक्रॉन, आणि स्क्रू तेवढा आखूड लीडने ग्राइंड केलेला असतो. असा स्क्रू बदलताना ऑर्डरमध्ये हा वजा आकडा लिहायचा राहून जातो आणि साधा स्क्रू येतो. ताण देताना मोजायची रीत वर सांगितलेलीच: टोकाच्या खड्ड्यात ग्रीस, त्यावर छर्रा, छर्ऱ्यावर डायल. स्टँड मशीनच्या कास्टिंगवर ठेवा, हाउसिंगवर नको, आणि काटा ठरलेल्या आकड्यावर येईपर्यंत लॉकनट आवळत जा.